कधीपर्यंतचा रकाना

दुखणं एकट्याला होतं, पण त्यावरचा उपाय मात्र अख्ख्या इमारतीला ठाऊक असतो. तंतोतंतरावांना हे कळायला एकेचाळीस सल्ले लागले. एकेचाळीस हा आकडा अंदाजे नाही. त्यांनी वही ठेवली होती.

तंतोतंतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते आणि दर तिसऱ्या वाक्याला 'तंतोतंत' म्हणत, म्हणून ऑफिसनं त्यांचं हे बारसं केलं होतं. शहराच्या पोटातून जाणाऱ्या नळांचा मोठा नकाशा त्यांच्या हातचा होता. बाकी सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, तरी त्या नकाशावरची अक्षरं साहेब त्यांच्याकडूनच शाईनं काढून घेत. साहेब म्हणत, छापलेलं अक्षर चुकलं तर कळत नाही, यांचं चुकतच नाही. अशा माणसाच्या नेमक्या बोटांनाच धाड भरली.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "हा संधिवात म्हातारपणाचा नाही. यात शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं. गोळ्यांनी आवरता येईल, घालवता येणार नाही. आता हा तुमच्याबरोबरच राहणार." मग त्यांचा चेहरा पाहून बाई म्हणाल्या, "एक करा. हाच आजार असलेल्या कुणाशी तरी बोला. औषध मी सांगेन, पण रोजचं कसं निभवायचं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं."

तंतोतंतरावांनी हा वरिष्ठांचा हुकूम समजून मान डोलावली. पण असा माणूस मिळणार कुठे? निरोगी माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर सापडतो आणि भेटला की बोलायचा थांबत नाही. आजारी माणूस घरात बसून असतो आणि विचारलं तर "ठीक आहे" म्हणतो. स्वतः तंतोतंतरावही तेच म्हणत होते.

म्हणून त्यांना रुग्ण न मिळता सल्लागार मिळाले. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हिंग मास्तर म्हणाले, टोमॅटो बंद करा. समोरच्या काकू म्हणाल्या, टोमॅटोशिवाय काही खाऊ नका. न्हाव्यानं तांब्याचं कडं सांगितलं. मेहुण्यानं सांगितलं, की त्याच्या साहेबांच्या सासऱ्यांना असंच होतं, ते रोज पहाटे थंड पाण्यात उभे राहत आणि ठणठणीत बरे झाले. ते सध्या कसे आहेत असं विचारल्यावर, ते गेले, पण दुसऱ्याच कशानं तरी, असं उत्तर मिळालं.

माणूस शिस्तीचा. त्यांनी फेब्रुवारीत एक जाड वही घेतली, तांबड्या शाईनं रकाने आखले आणि प्रत्येक सल्ल्याची नोंद सुरू केली. क्रमांक, तारीख, सल्लागाराचं नातं, सल्ला, आधार, परिणाम. 'आधार' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'ऐकीव' असं होतं आणि 'परिणाम' या रकान्यात सरसकट 'नाही'. पहिल्या पानावरचं अक्षर असं, की फ्रेम करून लावावं. इमारतीत ही बातमी फुटली तेव्हा लोक ओशाळायच्या ऐवजी उलटंच झालं. लोकांना वाटलं, आपल्या सल्ल्याची रीतसर दखल घेतली जाते. काकू दर आठवड्याला दारात येऊन विचारू लागल्या, "माझा नंबर किती? मास्तरांच्या आधी की नंतर?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तंतोतंतराव घरात एक दुसरंच काम करत होते आणि ते हसण्यासारखं नव्हतं. ते लपवत होते.

सकाळी उठल्यावर दोन तास त्यांची बोटं वळत नसत. दाराला त्यांनी स्वतः निवडून आणलेलं गोल मुठीचं लॅच होतं. दुकानदार म्हणाला होता, चोराच्या बापाला उघडायचं नाही. चोराच्या बापाचं माहीत नाही, पण आता ते मालकाला उघडेना. म्हणून दूध आणि पेपर घ्यायला बायको उठायची आणि तंतोतंतराव खुर्चीत बसून "मीच उठणार होतो" म्हणायचे. पेपर मांडीवर घेतला की नऊ वाजेपर्यंत पहिलंच पान. पान उलटायला बोटं लागतात. त्या काळात त्यांना जगातल्या फक्त मोठ्या बातम्या ठाऊक होत्या, आतल्या पानांवरचं जग त्यांच्यापुरतं बंद पडलं होतं. शर्टाची बटणं लागेनात म्हणून ते बिनबटणाचे बनियनवजा टी-शर्ट घालून ऑफिसला जाऊ लागले आणि उकाडा फार आहे असं सांगू लागले. बायको शाळेत भूमिती शिकवायची. ती म्हणायची, "हो, यंदा जास्तच आहे," आणि खिडकी उघडायची. तिला काही कळत नाही याचा त्यांना आधार वाटायचा आणि रागही यायचा.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपण होऊन बैठक बोलवायची. खाली फलकावर सूचना लावली की कुणीतरी येईलच.

इमारत समितीचे सचिव सूचना वाचून गंभीर झाले. "आपल्या फलकावर चार सदरं आहेत. पाणी, लिफ्ट, सर्वसाधारण सभा आणि निधन. तुमची कशात बसते?"

"आजारात."

"आजाराचं सदर नाही. निधनाची असती तर आत्ता लावली असती."

"तिला अजून वेळ आहे," तंतोतंतराव म्हणाले.

"मग अर्ज करा. आणि आजार संसर्गजन्य नाही असा दाखला जोडा. उद्या तिसऱ्या मजल्यावरून सगळ्यांना झालं तर मला विचारतील."

दाखल्यासाठी दवाखान्याच्या खिडकीपाशी दीड तास उभं राहावं लागलं. सांधेदुखीच्या माणसाला उभं करून ठेवणं हाही तपासणीचाच भाग असावा, अशी तंतोतंतरावांनी मनाची समजूत घातली. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, आजार, कधीपासून. मग पेन थांबलं.

"कधीपर्यंत?"

"कायम."

"कायम लिहिता येत नाही. तारीख लागते."

"अहो, पण हा बरा होणारा आजार नाही. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्यांनी सांगितलं असेल. रकान्यात तारीखच बसते. रिकामा ठेवला तर वरून परत येतो." कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळ्यांना मी वर्षअखेर टाकून देतो. एकतीस डिसेंबर. चालेल?"

तंतोतंतरावांनी आयुष्यात कधी खोटी तारीख टाकली नव्हती. पण मागे रांग खोळंबली होती आणि गुडघे बोलू लागले होते. अशा रीतीनं शिक्क्यानिशी त्यांचा आजार एकतीस डिसेंबरला संपवण्यात आला. घरी येऊन त्यांनी तो कागद बायकोला दाखवला. ती खूप हसली आणि मग एकदम हसायची थांबून भाजी चिरायला गेली.

दाखल्यावर सचिवांनी दोन रविवारांपुरती परवानगी दिली. सूचना 'लिफ्ट' या सदराखाली लागली, कारण तिथे जागा होती. तंतोतंतरावांनी ती चार संध्याकाळी बसून लिहिली होती. 'जुनाट संधिवात असणाऱ्यांची बैठक. रविवार, सकाळी ठीक साडेसात. तिसरा मजला.' खात्यात महत्त्वाच्या सगळ्या बैठका सकाळीच होत असत, म्हणून साडेसात. आता ज्या आजारात सकाळीच हातपाय लाकूड होतात, त्या आजाराची बैठक साडेसातला आणि तीही तिसऱ्या मजल्यावर, जिथली लिफ्ट रविवारी विजेच्या बचतीसाठी साडेआठशिवाय सुरू होत नाही, हे बावीस वर्षं शहराचे नकाशे काढणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या रविवारी बायकोनं दार उघडलं आणि तेरा जण आत आले. सगळे निरोगी. काकू होत्या, मेहुणा होता, न्हावी दुकान उघडायच्या आधी डोकावून गेला. ड्रायव्हिंग मास्तर वयानं मोठे म्हणून अध्यक्ष झाले आणि त्यांनी तंतोतंतरावांना मागच्या स्टुलावर बसवलं, कारण चांगल्या खुर्च्या पाहुण्यांना लागणार होत्या. सव्वा तास चर्चा झाली. "मुळात हा आजार मनाचा आहे," असं अध्यक्षांनी समारोपात सांगितलं. "गाडी बंद पडली की शिकाऊ माणूस घाबरतो. घाबरला की क्लच सुटतो. यांचा क्लच सुटलाय." सर्वांना ते पटलं. पेशंटनं मनाची उभारी धरावी असा ठराव झाला आणि टाळ्या वाजल्या. तंतोतंतरावही वाजवायला गेले, पण त्यांच्या हातांचा आवाज आला नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी वहीत क्रमांक अडतीस ते एकेचाळीस लिहिले. अडतीसला पुरी ओळ होती. एकेचाळीसला फक्त 'क्लच' एवढंच लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या रविवारी कुणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं, पण परवानगी दोन रविवारांची होती. बायकोची शाळेत परीक्षेची ड्युटी होती. निघताना ती दारात घुटमळली.

"मी थांबू का? कुणी आलं तर..."

"आलं तर दार उघडेन. दार उघडायला काय लागतं!"

"बरं," ती म्हणाली आणि जाताना लॅच ओढून गेली.

साडेसात वाजले. पावणेआठ झाले. आठला दहा कमी असताना दारावर खालच्या बाजूला धप्प असा आवाज आला. पुन्हा धप्प. कुणीतरी दाराला बुटानं ठोकत होतं.

"कोण?"

"बैठकीला आलेय," बाईमाणसाचा आवाज आला. तो दमलेला होता. "उशीर झाला. तीन मजले चढायला वीस मिनिटं लागतात मला."

तंतोतंतराव ताडकन उठले, म्हणजे त्यांच्या मनानं ताडकन उठले, देह मागून आला. त्यांनी मुठीला हात घातला. मूठ फिरली नाही. दोन्ही तळव्यांत धरली. टॉवेल गुंडाळून धरली. मग इकडेतिकडे पाहून, म्हणजे रिकाम्या घरात इकडेतिकडे पाहून, ते वाकले आणि दातांनी प्रयत्न केला. चोराच्या बापानंही इतका खटाटोप केला नसता.

"एक मिनिट हं," ते म्हणाले. हे त्यांनी चौथ्यांदा म्हटल्यावर बाहेरून प्रश्न आला.

"फिरत नाहीये ना?"

"लॅच जरा जाम झालंय."

"लॅच की बोटं?"

 सहा महिन्यांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. डोळे भरून आले म्हणून ते दारावर रागावले. मग त्यांनीच उलट विचारलं, "तुम्ही बेल का नाही वाजवली?"

"सकाळी अंगठा दबत नाही. कोपरानं वाजवते एरवी, पण तुमची बेल उंच आहे."

दाराच्या दोन्ही बाजूंना एकदमच हसू फुटलं. बाहेरच्या बाई खोकेपर्यंत हसल्या. मग त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या, यांनी पायानं खुर्ची ढकलत दारापाशी आणली आणि बैठक सुरू झाली. उपस्थिती दोन, मध्ये दार.

बाईंचं पलीकडच्या रस्त्यावर कपडे अल्टर करायचं दुकान होतं. अकरा वर्षं हा आजार होता. वरच्या मजल्यावर एक पँट द्यायला आल्या तेव्हा लिफ्ट कधी सुरू होते ते पाहायला त्यांनी फलक वाचला आणि त्यात ही सूचना दिसली. "धडधाकट माणूस लिफ्टची सूचना वाचत नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर जागी लावलीत. पण साडेसातची वेळ कुठल्या शहाण्यानं ठेवली?"

"त्या शहाण्याचा क्लच सुटलाय," तंतोतंतराव म्हणाले.

मग कामाचं बोलणं झालं. तोंड न धुता आधी कोमट पाण्यात हात धरायचे, दहा मिनिटं. किटली एका हातानं उचलायची नाही. ही गोल मूठ काढून टाकायची आणि दांडीचं हँडल बसवायचं, कोपरानं दाबलं की उघडतं. "आणि शर्ट माझ्याकडे पाठवा. वरून बटणं तशीच ठेवते, आतून वेल्क्रो. कुणाच्या बापाला कळत नाही. दुकानाचे निम्मे कपडे आता पुतणी शिवते, पण हे काम मी माझ्या हातानं करते."

"गोळ्या?"

"त्या डॉक्टर सांगतील तशाच. त्यात मी बोलत नाही."

इतका शहाणा सल्ला वहीत एकही नव्हता. तंतोतंतरावांनी वही घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"घरी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"बायको."

"तिला कितपत माहीत आहे?"

"आजार आहे हे माहीत आहे. पण..."  समोर माणूस नव्हता, फक्त दाराचं लाकूड होतं, म्हणून असेल, पण बोलणं आपोआप बाहेर आलं. "सकाळी ती दार उघडते आणि मी पेपर वाचायचं सोंग करतो. पान उलटत नाही मला. शर्ट घालता येत नाही. लग्न ठरलं तेव्हा मी तिच्या वर्गासाठी फळ्यावर हातानं वर्तुळ काढून दिलं होतं, कंपास न घेता. तिनं मोजलं होतं. ती अजून लोकांना सांगते. मला भीती वाटते, एक दिवस ती मला भरवायला लागेल आणि मग ती माझी बायको राहणार नाही. माझं काम होऊन बसेल तिला."

बाहेर बाई पायरीवर जरा सरकल्याचा आवाज आला.

"मी तीन वर्षं लपवलं," बाई म्हणाल्या. "घरच्यांना वाटलं, ही चिडकी झाली, हिला आता आपण नकोसे झालो. दुखणं लपलं हो माझं. चिडचिड सगळ्यांना दिसली. नवरा बिचारा घरात पाऊल न वाजवता चालायचा. ती तीन वर्षं मला कुणी परत देणार नाही. तुम्ही सांगून टाका."

"सांगू कसं?"

"ते मला नाही माहीत. माझं भांडणात निघालं."

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि दार उघडलं. बाहेर दोघी होत्या. एक पायरीवरून भिंतीला धरून उठत होती, ठेंगणी, पांढऱ्या केसांची. दुसरी किल्ली हातात धरून उभी होती.

"तू? ड्युटी?"

"दुसऱ्या बाईंना सांगितलं. बसस्टॉपवरून परत फिरले, लॅच ओढल्याचं आठवलं म्हणून."

"कधी आलीस?"

"आत्ताच. लिफ्टनं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

घड्याळात आठ वीस झाले होते. लिफ्ट साडेआठला सुरू होते. आणि आत जाणाऱ्या बायकोच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जिन्याच्या भिंतीचा चुना लागला होता. इतका चुना उभ्यानं लागत नाही. खालच्या जिन्यात भिंतीला टेकून बराच वेळ बसावं लागतं. तंतोतंतरावांना सगळा हिशेब तंतोतंत कळला आणि ते पाहुण्यांना बसा म्हणायचंही विसरले. पाहुण्या बाई मात्र कप दोन्ही तळव्यांत धरून, दोनदा चहा घेऊन, अगदी आरामात गेल्या.

दुपारी बायकोनं सल्ल्यांची वही आणून त्यांच्यापुढे ठेवली.

"ही मी रोज वाचते."

"सल्ले?"

"सल्ले कशाला वाचू? अक्षर वाचते." तिनं पहिलं पान उघडलं. "फेब्रुवारी. रेघ नव्वद अंशांत उभी आहे. हे एप्रिल, इथे ती झुकली. जूनमध्ये गोलाई मिटतच नाही, बघा, प्रत्येक 'व' उघडा राहिलाय. इथून पुढे तुम्ही पेन मुठीत धरलंय. आणि हा मागचा रविवार. 'क्लच'. हा एक शब्द लिहायला किती वेळ लागला तुम्हाला?"

"सहा मिनिटं."

"लपवायचं होतं तर तारीखवार लिहून कशाला ठेवलंत?"

तंतोतंतराव आपल्याच हस्ताक्षराकडे पाहत राहिले. सगळ्या इमारतीचे सल्ले त्यात होते आणि त्यांचं सगळं दुखणंही. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मेहनतीनं लपवत होतात. म्हटलं, सगळंच जातंय हातातून, एवढं तरी त्यांचं त्यांच्याकडे असू दे." तिचा आवाज फुटला. "पण मला फार एकटं वाटलं हो."

ती रडली. तेही रडले आणि ते त्यांनी लपवलं नाही, कारण डोळे पुसायला रुमालाची घडी उलगडावी लागते आणि ती तिनंच उलगडली.

सोमवारी सकाळी कपाटातून इस्त्रीचा निळा शर्ट निघाला. बेसिनमध्ये कोमट पाण्यात हात धरून झाले होते. पेपर टेबलावर तसाच घडीत पडला होता. तंतोतंतराव शर्टात हात घालून बायकोसमोर येऊन उभे राहिले आणि शाळेत पाठांतर म्हणणाऱ्या मुलासारखं एका दमात म्हणाले, "बटणं लावून देशील?"

तिनं हातातलं सगळं खाली ठेवलं आणि वरचं बटण लावलं. तिच्या बोटांना खडूचा वास होता.

"वेल्क्रो होईपर्यंतच," ते घाईनं म्हणाले.

"वेल्क्रो शर्टाला लागेल. बुटाचे बंद आहेत, किटली आहे, पेपरची पानं आहेत." ती बटणाकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. "हे असं कधीपर्यंत चालायचं म्हणे?"

तंतोतंतरावांनी घसा साफ केला. "एकतीस डिसेंबर. शिक्का आहे तसा."

तिला हसू आवरेना. कपाळ त्यांच्या छातीला टेकवून ती हसत राहिली आणि शर्टाला ओल लागली.

"मग अर्ज करून ठेवू," ती म्हणाली. "मुदतवाढीचा." आणि तिनं दुसरं बटण घेतलं.